शनिवारी अर्धा तास अग्रशाळा उघडा
गोव्यातील देवस्थान समित्या आणि भजनी मंडळांना खुले पत्र

देवस्थान समित्यांचे पदाधिकारी, महाजन आणि भजनी मंडळांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात राहते. तेहतीस वर्षं सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवलं, त्यातली अकरा सत्तरीतल्या एका एकशिक्षकी शाळेत. आता निवृत्त आहे. तुमच्याकडे एक मागणं घेऊन आले आहे. देणगी नको आणि कायमची जागाही नको. शनिवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, अर्धा तास देवळाच्या आवारातली अग्रशाळा उघडा, ओसरीवर दोन चटया घाला आणि गावातल्या मुलांना एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा.

हे शाळेला का सांगत नाही, असं तुम्ही विचाराल. शाळेलाही सांगतेच. पण एकच बाई किंवा एकच सर चार इयत्ता सांभाळतात, तिथे माणूस थकून जातो, हे मी स्वतः भोगलं आहे. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाचून दाखवणं म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. ते तुमच्याच आवारात वाढलं.

हे पत्र श्रावणात लिहिते आहे. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावरच्या देवळात श्रावणभर रात्री पोथी चालायची. पेट्रोमॅक्सचा सूं सूं आवाज, बाहेर पाऊस, सभामंडपात पसरलेल्या घोंगड्या. एक म्हातारे काका पोथी वाचायचे आणि त्यांच्या शेजारी बसलेले दुसरे अर्थ सांगायचे. काका तीन-चार ओव्या चालीवर म्हणून थांबले की दुसरे कोंकणीत सुरू करायचे, ‘आतां पळयात, तो थंय पावलो आनी कितें जालें तें...’ पोथी मराठी, अर्थ कोंकणी. ऐकणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. माझी आजी त्यांतलीच. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची. डोळे मिटायला लागले की काकांचा आवाज चढायचा, कुणीतरी रथावर चढलेलं असायचं, धनुष्य हातात घेतलेलं असायचं, आणि नेमका तिथेच अध्याय संपायचा. पोथी फडक्यात बांधली जायची. घरी जाताना चुडीच्या उजेडात मी आजीचा पदर ओढायची, ‘आजये, मागीर कितें जालें?’ तिला ठाऊक असायचं. दरवर्षी तीच पोथी असायची. पण ती सांगायची नाही. ‘फाल्यां आयक,’ उद्या ऐक, एवढंच म्हणायची.

आणि कहाण्या. व्रताच्या पूजेला बसलं की आजी आम्हा मुलींच्या हातात अक्षता द्यायची. शेजारची शाळेत गेलेली वहिनी वाचायला लागायची, ‘आटपाट नगर होतं...’ कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. घामाने तांदूळ तळहाताला चिकटायचे, पण मूठ तशीच. ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ आलं की अक्षता देवावर वाहायच्या. मुठीत काहीतरी धरून ऐकलं की लक्ष इकडे तिकडे जात नाही, ही युक्ती ज्या कुणा बाईला सुचली तिला मी माझी गुरू मानते. ती मी पुढे कशी वापरली ते सांगेनच.

आजीला सही येत नव्हती. तरी कोंकणी बोलता बोलता ती ‘विस्मय’, ‘निमिषमात्र’, ‘कृतार्थ’ असे शब्द सहज वापरायची. तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. शिक्षिका झाल्यावर कळलं की चुलीपाशी, बाजारात, बसमध्ये हे शब्द भेटत नाहीत. ते पुस्तकात राहतात, आणि पुस्तक कुणी मोठ्याने वाचलं तरच न वाचता येणाऱ्या माणसापर्यंत येतात. पाच वर्षांचं मूल या बाबतीत माझ्या आजीसारखंच असतं. १९८८ साली अमेरिकेत हेज आणि आरेन्स या दोघांनी इंग्रजीपुरती याची मोजदाद केली होती. कॉलेजात शिकलेली मोठी माणसं आपसांत बोलतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हजार शब्दांमागे सतराच्या आसपास शब्द कमी वापरातले निघाले. मुलांच्या पुस्तकांत ते एकतीसच्या आसपास होते. शिकल्यासवरल्या आईबापांशी नुसत्या गप्पा मारून मुलाला जे शब्द मिळत नाहीत, ते गोष्टीच्या एका पुस्तकात मिळतात. मराठीची अशी मोजणी माझ्या वाचनात नाही, पण आजीचं बोलणं माझ्या कानात आहे.

तुमच्या अग्रशाळेला या कामाची सवयही आहे. पोर्तुगीज अमदानीत मराठी शिकायचं तर सरकारी शाळा फारशा नव्हत्या. देवळाच्या ओवरीत, अग्रशाळेत, कुणा भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या पडवीत मास्तर मुलांना धुळाक्षरं गिरवायला लावत, मोडी शिकवत, पोथी वाचून घेत. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, इथल्या हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला आणि जागोजागी शाळा, वाचनालयं उभी राहिली. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. माझी आई पहिल्यांदा शाळेची पायरी चढली ती त्या वेळी, वयाच्या अकराव्या वर्षी. तिच्या त्या शाळेला इमारत नव्हती. ती देवळातच भरायची.

त्याच्याही मागे जा. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये कृष्णकथा ओव्यांत रचायला घेतली. आज पणजीत पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला त्याचं नाव आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती, आणि दोघांनीही ओवी निवडली. ओवी एकट्याने कोपऱ्यात बसून वाचायची नसते. एकाने म्हणायची आणि दहांनी ऐकायची, यासाठीच ती घडली आहे. मोठ्याने वाचणं ही या मातीत सगळ्यांचीच रीत होती. आता आपल्या गावांत पोथ्या कपाटात गेल्या आणि त्यांच्या जागी मुलांसाठी काही आलं नाही, याची मला फार खंत वाटते.

आता माझ्या वर्गातली गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मागणं पुरं होणार नाही.

पहिली बारा-तेरा वर्षं मी मुलांना गोष्टी वाचून दाखवायची, पण चुकीच्या पद्धतीने. गोष्ट संपली की लगेच प्रश्न. कोल्हा कुठे राहत होता? कावळ्याने काय केलं? गोष्टीचं तात्पर्य काय? उत्तर आलं नाही तर परत वाच, वहीत लिही. मला वाटायचं, मी चांगलं शिकवते आहे. दुसरीत एक मुलगा होता, धनगर वस्तीवरून चालत यायचा. मी गोष्टीचं पुस्तक हातात घेतलं की तो हळूच दप्तर आवरायला लागायचा, पाणी प्यायला जायचा, पेन्सिलीला टोक करत बसायचा. मी त्याला दोन-तीनदा रागावले. गोष्ट आली की मागून प्रश्न येणार, हे त्याने ओळखलं होतं. तो गोष्टीपासून पळत नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

आषाढात एकदा पाऊस इतका लागला की वर्गात अंधार झाला. वीज गेली. फळा दिसेना, वह्या दिसेनात. उजेड फक्त दारातून येत होता. मी खुर्ची दाराशी ओढली आणि मुलांना म्हटलं, या, जवळ बसा. कौलांवरचा आवाज एवढा होता की मोठ्याने वाचावं लागत होतं. मुलं आपोआप अंगाला अंग लावून बसली. गोष्ट होती एका म्हातारीची आणि तिच्या बकरीची, हरवते आणि सापडते एवढीच. संपली तेव्हा प्रश्न विचारायचं मला सुचलंच नाही, कारण पाऊस बघायला सगळेच उठले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा माझ्या टेबलापाशी आला. त्याने पुस्तकाकडे बोट दाखवलं. ‘बाई, ती बोकडी परत हारोवची.’

बकरी पुन्हा हरवू दे, असं तो सांगत होता. सापडण्याचा आनंद त्याला पुन्हा हवा होता. ते पुस्तक मी त्या वर्षात तीस-चाळीस वेळा तरी वाचलं असेन. गणेश चवथीच्या सुट्टीनंतर एक दिवस तो ते पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता आणि पान उलटत उलटत माझ्याच चालीत म्हणत होता. त्याला अक्षरं येत नव्हती, पाठ होतं. पण कुठल्या पानावर थांबायचं, आवाज कुठे उतरवायचा, हे सगळं बरोबर. मग हळूहळू त्याचं बोट शब्दांखाली फिरायला लागलं. ‘बकरी’ हा शब्द त्याने ओळखला. मग ‘म्हातारी’. पौषापर्यंत तो वाचत होता. मी त्याला वेगळं काही शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी गोष्टीनंतर प्रश्न विचारणं सोडलं. तात्पर्य सोडलं. तुम्हालाही हीच विनंती, आणि या पत्रातली सगळ्यात कळकळीची विनंती हीच आहे. मुलांना गोष्ट द्या आणि बदल्यात काही मागू नका.

म्हणून सांगते, कृपा करून याची स्पर्धा करू नका. आपल्या देवळांत मुलांसाठी जे काही होतं त्याची स्पर्धा होते. पाठांतर, वेशभूषा, चित्रकला, भजन. त्यामागची तुमची माया मला दिसते, बक्षिसं वाटताना तुमचे चेहरे मी पाहिले आहेत. पण स्पर्धेत तीन मुलं आनंदाने घरी जातात आणि बाकीची आईचा हात धरून गप्प चालतात. शनिवारचा अर्धा तास असा असू दे की त्यात कुणी पहिलं येत नाही आणि कुणी मागे राहत नाही. हजेरीही घेऊ नका. जो आला तो आला.

माझ्या गावात आम्ही हे दोन वर्षं करतो आहोत. पहिल्या शनिवारी पाच मुलं होती, त्यातली दोन माझ्या शेजारणीने हाताला धरून आणलेली. मला आजीची अक्षता आठवली. मी प्रत्येकाच्या मुठीत एक चिंचोका दिला आणि सांगितलं, गोष्ट संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. लहानग्यांना तेवढं काम पुरलं, चुळबुळ थांबली. गोष्ट संपल्यावर चिंचोका बरणीत परत टाकायचा. आता वीस-बावीस मुलं येतात, आणि बरणीतले चिंचोके हाताळून हाताळून लखलखीत झाले आहेत.

पण वाचणारी मी एकटी नाही, आणि तुम्हाला लिहिण्याचं धाडस झालं ते यामुळेच. आमच्या देवळात जत्रेला दरवर्षी नाटक होतं, तुमच्याकडेही होतच असेल. त्यात गेली वीस वर्षं खलनायकाचं काम करणारे एक गृहस्थ आहेत, दिवसा बस चालवतात. त्यांना म्हटलं, एक दिवस या आणि वाचा. दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, नाटकाची संहिता धरता तशीच धरा. ते आले. राक्षसाचं वाक्य आल्यावर त्यांनी जो आवाज काढला, त्याने ओसरीवरची कबुतरं उडाली. मुलं आधी एकमेकांना चिकटली, मग हसत सुटली, मग ‘परत, परत’ सुरू झालं. त्या रात्री त्यांच्या बायकोचा मला फोन आला, हे घरी मुलीला घेऊन बसलेत आणि पुस्तक मागताहेत.

दुसरे आमचे प्रॉम्प्टर. पडद्याआड बसून आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाचलं, कधी कुणाला दिसले नाहीत. त्यांचा आवाज बारीक आहे, पण थांबायचं कुठे हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. पान उलटायच्या आधी ते असे थांबतात की मुलांचे श्वास ऐकू येतात. भजनी मंडळातल्या दोघी बाया आहेत. त्या गोष्टीतला पाऊस, घंटा, चालत्या गाडीचा ठेका टाळीने धरतात. अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. जो माणूस पेटीवर सूर धरतो, आरतीला खडा आवाज लावतो, त्याला मुलांना वाचून दाखवणं जड जाणार नाही. आणि बाप्यांना मुद्दाम बोलवा. घरी वाचून दाखवलंच तर आई किंवा आजी दाखवते, त्यामुळे पुस्तक हे बायकांचं काम असं मुलगे धरून चालतात.

वाचायचं कसं, याबद्दल थोडं. आधी पुस्तक घरी एकदा वाचून या. मुलांना रांगेत बसवू नका, चंद्रकोरीसारखं बसवा, म्हणजे चित्र सगळ्यांना दिसेल. पुस्तक छातीशी न धरता बाजूला धरा. पुस्तकाचं नाव वाचा, लिहिणाऱ्याचं आणि चित्रं काढणाऱ्याचंही वाचा. पुस्तक माणसं करतात हे मुलांना कळू दे. वाटतं त्यापेक्षा सावकाश वाचा. कठीण शब्द आला तर लगेच अर्थ सांगत थांबू नका, बहुतेक शब्द चित्रातून आणि पुढच्या वाक्यातून उकलतात. मूल मध्येच बोललं तर बोलू दे. ‘आमच्याकडेही असा कुत्रा आहे’ हे त्याने सांगायलाच हवं. तेच पुस्तक परत मागितलं तर कंटाळू नका. गोष्ट नीट जमली नाही, मुलं उठायला लागली, तर पुस्तक मिटा आणि दुसरं काढा. त्यात कुणाचा अपमान नाही.

आणि मोठ्या मुलांना घालवू नका. सहावी-सातवीतली मुलं खांबाला टेकून, आम्ही सहज उभे आहोत असं दाखवत ऐकतात. त्यांना ‘तुम्हाला आता वाचता येतं ना’ असं म्हणू नका. वाचता आलं की घराघरांत वाचून दाखवणं बंद होतं, आणि नेमकं तेव्हाच मूल स्वतः जेवढं वाचू शकतं त्याच्या कितीतरी पुढचं ऐकून समजू शकत असतं. अमेरिकेतल्या एका आयोगाने वाचनावरच्या १९८५ च्या अहवालात वाचून दाखवण्याला सगळ्यात महत्त्वाचं काम म्हटलं आणि ते शाळेच्या वरच्या इयत्तांतही चालू ठेवावं असं सांगितलं. आपल्या पोथीला तर साठ-सत्तर वर्षांची माणसं बसत होती.

भाषेचा प्रश्न निघेल, गोव्यात तो निघतोच, आणि मला तो टाळायचा नाही. आमची मुलं घरी कोंकणी बोलतात, काहींची शाळा मराठी, काहींची इंग्रजी. मी मराठीत वाचते आणि मध्ये थांबून कोंकणीत बोलते. पोथीवाल्या काकांनी घालून दिलेली वाट आहे ती, आणि तिच्यावरून चालताना मला कधी ठेच लागली नाही. कोंकणी पुस्तकं मिळतात तेव्हा तीही वाचतो. एका मुलीच्या घरी कन्नड बोलतात, वडील बांधकामावर आहेत. ती पहिले दोन महिने एक शब्द बोलली नाही, फक्त चित्रं बघायची. आता सगळ्यांच्या आधी चिंचोका मागायला तीच येते.

ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतली मुलंही आली पाहिजेत. अग्रशाळेत ती मोकळेपणाने येतील की नाही, हे तुमच्या गावात तुम्हालाच ठाऊक. संकोच वाटत असेल तर पंचायतीची नाहीतर शाळेची खोली मागून घ्या, चटया आणि वाचणारी माणसं मात्र तुम्ही द्या. तसंही काही गावांत चांगलं चालेल.

पुस्तकांचा खर्च फार नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं, प्रथम बुक्सची चित्रपुस्तकं, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं, यांतली कितीतरी शंभर रुपयांच्या आसपास मिळतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे, तिथल्या गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर ठेवले आहेत; थोड्या मोठ्या मुलांना त्यातल्या गोष्टी फार आवडतात. पणजीतली बुकवर्म ही संस्था २००५ पासून मुलांसाठी ग्रंथालय चालवते आणि शाळाशाळांत, वस्त्यांत पुस्तकं घेऊन जाते. मुलांपुढे पुस्तक कसं उघडावं हे बघायचं असेल तर त्यांचं काम जरूर पाहा. चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायला आपण रानातून शोधून शोधून फळं आणतो, त्याच हौसेने वर्षाला वीस पुस्तकं निवडली तरी पुरे. ती कपाटात कुलूप लावून ठेवू नका. फाटतील. फाटलेलं पुस्तक मुलांना चिकटवायला द्या, आमची मुलं ते फार मन लावून करतात.

एका गावात समितीच्या एका सभासदांनी मला विचारलं होतं, बाई, याने देवस्थानाला काय मिळणार? प्रश्न मनापासून होता, म्हणून मनापासून सांगते. आमच्या देवळात गुरुवारच्या भजनाला मुलं यायची बंद झाली होती. आता शनिवारच्या मुलांतली सहा-सात गुरुवारीही येऊन बसतात. त्यांना बोलावलं नव्हतं. ओसरी ओळखीची झाली, तिथली माणसं ओळखीची झाली, बसचालक काका तिथे झांज वाजवतात हे कळलं, म्हणून आली. तरी मी तुम्हाला यासाठी वाचा असं म्हणणार नाही. संध्याकाळच्या उजेडात वीस तोंडं उघडी राहून तुमच्याकडे बघत असतात, पुढच्या पानावर काय आहे ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं, आणि पान तुमच्या बोटांत असतं. तो आनंद तुम्हाला मिळावा असं मला वाटतं. तेहतीस वर्षांत पगार, पेन्शन, सत्काराची शाल सगळं मिळालं, पण त्या पाच-सात सेकंदांसारखं दुसरं काही मिळालं नाही.

पुढच्या महिन्यात चवथ आहे. मुलं घरी असतील, मुंबई-पुण्याची भावंडंही गावात असतील, प्रत्येक घरात भजन होईल. चवथ आटोपली की पहिल्या शनिवारी सुरू करा. पहिल्या दिवशी तीनच मुलं आली तर तिघांना वाचा.

डिचोली, सत्तरी, पेडणे किंवा फोंडा तालुक्यातल्या ज्या समितीला सुरुवात करताना सोबत हवी असेल, तिने आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही मराठी प्राथमिक शाळेत निरोप ठेवावा. शिक्षकांचा आपसांत संपर्क असतो, निरोप माझ्यापर्यंत पोहोचतो. मी पहिले दोन शनिवार येईन. येण्याजाण्याचं भाडं नको. माझ्याकडे चोवीस पुस्तकांचं एक खोकं तयार आहे, त्यात ती बकरीची गोष्टही आहे, पाठीला कापडी पट्टी लावून शिवलेली. चटया तुमच्या असू देत. चिंचोके मी आणते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
डिचोली तालुका, गोवा